समोरच्या रांगेचं गाणं

चैत्रातल्या भर दुपारी कृष्णनाथ मागच्या पडवीत बसून धालोचं गाणं म्हणतोय, हे वाड्यावरच्या वस्तीत आधी कोणाला खरं वाटलं नाही. मग सगळ्यांनी आपापल्या कानांनी ऐकलं. आवाज ट्रकवाल्याचा, खडीवरून चाक गेल्यासारखा. गाणं बायकांचं. महिना चुकीचा, माणूस चुकीचा, जागा चुकीची.

गोव्यात पेडण्याकडे धालो पौषात खेळतात. त्या वाड्यावरचा मांड म्हणजे एरवी सत्यवतीकाकीच्या घरापुढचं अंगण. पण शेणानं सारवून, नारळ ठेवून, दिवा लावून काकीनं तो उघडला की तिथे चपला घालून कोणी जात नाही, आणि पुरुष तर अनवाणीही जात नाही. बायका समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींच्या कमरेत हात घालतात, वाकत पुढे जातात, वाकत मागे येतात. एक रांग गाण्यात विचारते, दुसरी उत्तर देते. मांड मोडला की ती गाणी पुढच्या पौषापर्यंत तोंडात आणायची नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर एव्हाना कोणीतरी खोडलाही असता.

शेवटी सत्यवतीकाकी स्वतः आली. सत्तरी ओलांडलेली, ताठ, कपाळावर मोठं कुंकू. पडवीच्या पायरीपाशी उभी राहिली.

"कृष्णा, तू काय करतंस तां तुका समाजता मां?"

"समाजता, काकी. बसा."

"मी बसूक येवक नाय. मांडाचां गाणां मांडार. तू दादलो माणूस. उद्या गावार काय इलां तर?"

"गावार येवचां तां येवन गेलां," कृष्णनाथ म्हणाला. "माझ्या घरार इलां."

त्याच्या मागे चटईवर चंद्रावती बसली होती, त्याची बायको. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. तिनं काकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाय."

काकीनं मान फिरवली. चंद्रावतीकडे तेव्हा तेवढा एकच शब्द शिल्लक होता, हे तिला ठाऊक होतं. तरी तो शब्द तोंडावर आला की लागायचा.

कृष्णनाथनं तरुणपणापासून डिचोलीतल्या सुर्ल्याच्या खाणीवरून खनिज ओढलं होतं. आठवड्यातून एकदा घरी यायचा तेव्हा कानामागे लाल धूळ असायची. चंद्रावती ती ओल्या फडक्यानं पुसून काढायची आणि म्हणायची, आज डिचोलीची किती जमीन आणलीस. मग खाणी बंद झाल्या. ट्रक घेऊन तो पेडण्याला परत आला आणि घराच्या मागे, दगडी कुंपणाच्या गडग्याला लागून, त्यानं तो उभा केला. पहिल्याच पावसात टायरांतून वेल वर चढली. चंद्रावती म्हणाली, "तुझो ट्रक आता गवत चरूंदे. मी जातंय कामाक." हरमलला पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका घरी ती चादरी धुवायला आणि लादी पुसायला जाऊ लागली.

एका संध्याकाळी दुसऱ्या कामवालीच्या स्कूटरवर मागे बसून येत होती. वळणावर गुरं आली. पुढच्या बाईचे गुडघे खरचटले. चंद्रावतीचं डोकं चिऱ्याच्या कठड्यावर आदळलं.

मोठ्या हॉस्पिटलातून ती घरी आली तेव्हा केस काढलेले होते, उजवी बाजू गेलेली होती आणि शब्द गेले होते. उजवीकडचं जगच तिच्या लेखी उरलं नव्हतं. ताटातला डावीकडचा भात संपायचा, उजवीकडचा तसाच राहायचा. भूक लागली काय? नाय. पोट भरलं? नाय. पाणी हवं? नाय, आणि हात तांब्याकडे. शब्द एकच, पण त्याचे चढउतार होते. घाट चढताना इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलावा तसा कृष्णनाथ तिचा प्रत्येक 'नाय' ऐकू लागला.

थोरला भाऊ गोकुळदास सल्ला द्यायला आला. तो शाळेत हेडमास्तर होता आणि घरातही हेडमास्तरासारखाच बोलायचा.

"तिका माहेराक धाड. न्हाणी-धुणी, केस विंचरणां, ह्या बायलमनशांचां काम. लोक हसतत."

"दादा, ट्रक बंद पडलो तेव्हा मी तो कंपनीक परत धाडलंय?"

"ट्रक आणि बायल एक?"

"नाय. ट्रकाचे स्पेअर पार्ट मिळतत."

गोकुळदासनं चहा अर्धाच ठेवला आणि गेला. बायकोला न्हाऊ घालणारा पुरुष पाहून लोक खरंच हसले. कृष्णनाथनं त्यांना हसू दिलं. केस वाढू लागले तेव्हा तो रोज तेल लावून फणी फिरवायचा, आणि ते काम पुढच्या दारी, रस्त्यावरून दिसेल असं करायचा. मागच्या दारी सावली जास्त होती. तरीही पुढच्या दारी.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जे झटपट परत यायचं ते सुरुवातीला येतं; पुढचं हळू येतं आणि मेहनत मागतं. आरोग्यकेंद्रातल्या बाईंनी व्यायाम शिकवले. घरी त्यानं स्वतःची पद्धत काढली. ट्रकच्या ताडपत्रीची जाड दोरी पडवीच्या खांबांना कमरेच्या उंचीवर बांधली. तिनं डाव्या हातानं दोरी धरून चालायचं, आणि तो तिच्या उजवीकडून, जी बाजू तिला दिसत नव्हती तिथून, भिंतीवर थाप मारत चालायचा. ट्रकात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, डावीकडचं त्याला दिसत नाही. म्हणून क्लीनर त्या बाजूनं पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे मोकळं आहे, चल.

"मी आता तुझो क्लीनर," तो म्हणायचा. "गाडी तुझी."

"नाय," ती म्हणायची आणि पाऊल टाकायची.

अपघातानंतरचा पहिला पौष आला. गडग्यापलीकडे काकीनं मांड उघडला, गाणं सुरू झालं. कृष्णनाथ चुलीपाशी होता. आतून धडाम आवाज आला. चंद्रावती खाटेवरून उठून निघाली होती आणि उंबऱ्याशी पडली होती. ओठ फुटला होता. डावा हात मांडाच्या दिशेनं लांब केलेला, आणि तोंडात 'नाय, नाय, नाय', पण सुरात. गाण्याच्या सुरात.

इतक्या महिन्यांत ती कधी कशाकडे निघाली नव्हती. तो तिला नेत होता, ती जात होती. आज ती निघाली होती. कृष्णनाथनं तिचा ओठ पुसला आणि मनाशी ठरवलं की पुढच्या पौषात ही रांगेत उभी राहील. देवळात नवस बोलला नाही. कोणाला विचारलंही नाही.

सकाळी शेजारच्या ताराला मात्र त्यानं सांगितलं. तारा रांगेत चंद्रावतीच्या बाजूला उभी राहायची.

ती म्हणाली, "भावजी, रांग एकाच अंगासारखी चलता. एक पडली तर सगळ्यो पडतल्यो. आणि मांडार बायल पडणां म्हणजे वरसाचो अपशकून. काकी घेवची नाय."

"पडली नाय तर?"

"आणि गाणां काय म्हणतली ती? नाय, नाय?"

ते त्याला टोचलं, कारण ते खरं होतं. नुसतं उभं राहून भागणार नव्हतं.

आरोग्यकेंद्रात महिन्यातून एकदा येणाऱ्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं पुष्कळदा आत राहतं. ते म्हणवून घ्या. त्यानं आरत्या म्हणून पाहिल्या. चंद्रावतीनं तोंड भिंतीकडे केलं. मग त्याला आठवलं की चवथीला पुरुष टाळ बडवत आरत्या म्हणायचे तेव्हा ती आत नेवऱ्या तळत असायची. आरती तिला कधी कोणी म्हणू दिलीच नव्हती. त्यानं ट्रकातल्या कॅसेटींतली गाणी काढली. त्यांवर तिचं मत अपघाताच्या आधीही 'नाय' हेच होतं.

फाल्गुनात एकदा तिनं पेजेचं भांडं त्याच्या छातीवर फेकलं. पेज गरम होती. ताराला हाक मारून घरी बसवलं आणि स्कूटर काढून केरीच्या धक्क्यावर जाऊन बसला. समोर नदी, पलीकडे तेरेखोलचा किल्ला, मधे फेरीबोट. दोन वेळा ती गेली आणि आली. माणसं चढली, उतरली. आपण चढलो आणि परत आलोच नाही तर काय होईल, याचा त्यानं नीट, घाई न करता विचार केला. काहीच होणार नव्हतं. माहेरचे तिला नेतील. लोक म्हणतील, माणूस तरी किती करणार. हे 'किती करणार' त्याला इतकं सोपं, इतकं तयार वाटलं की त्याची चीड आली. सगळा गाव ते शब्द हातात घेऊन त्याची वाट पाहत बसला होता.

पलीकडच्या काठावरून कोणीतरी बोटीला हाक मारली. शब्द कळले नाहीत, नुसता सूर आला. आणि कृष्णनाथच्या तोंडात एक ओळ आली, ती त्यानं लहानपणापासून दरवर्षी ऐकली होती.

*नदीपल्याड कोण गे, हाक कोणाक मारता?*

घरी आला. तारा गेली. शर्टावर पेज वाळली होती. तो चंद्रावतीसमोर बसला आणि ती ओळ त्यानं म्हटली. म्हटली आणि थांबला.

थांबला, कारण पुढचं त्याला येत नव्हतं. त्याच्या पडवीमागे गडगा, गडग्याला पाठ लावून धालोची अलीकडची रांग. तिचा शब्द न् शब्द त्याला पाठ. पलीकडची रांग काकीच्या ओसरीपाशी. मधे अलीकडच्या रांगेची भिंत. पलीकडचा सूर पोचायचा, शब्द पोचायचे नाहीत. जन्मभर त्यानं प्रश्न ऐकले होते. उत्तर काय, ते पुरुषानं विचारायचं नसतं. आणि लग्न होऊन आल्यापासून चंद्रावती उभी राहायची ती पलीकडच्या रांगेत.

पडवीत शांतता झाली. मांडावर अशा जागी शांतता कधी पडत नाही; समोरची रांग श्वास घेऊन तयार असते. चंद्रावतीची मान किंचित पुढे आली. ओठ हलले, चुकले, पुन्हा हलले.

"...मीच गे," ती म्हणाली. म्हणजे गायली.

त्यानं ओळ पुन्हा म्हटली. नदीपल्याड कोण गे?

"नदीपल्याड... मीच गे. होडी... माका धाडा."

पलीकडे कोण होतं ते कृष्णनाथला इतक्या वर्षांनी कळलं. तो उठून मागे ट्रकपाशी गेला, बोनेटवर डोकं टेकून उभा राहिला, मग तोंड धुऊन परत आला आणि दुसऱ्या गाण्याची ओळ सुरू केली.

सत्यवतीकाकी आली ती यानंतर. कृष्णनाथ तिला म्हणाला, "काकी, एक फावट आयका. मग काय तां सांगा." आणि तिच्या परवानगीची वाट न पाहता त्यानं ओळ धरली. चंद्रावतीनं उत्तर दिलं. तुटकं, पण पुरं.

काकी पायरीवर बसली. बसायचं नाही असं सांगून आली होती, हे ती विसरली. मग पदर सावरला.

"ऐकलंय. बरां झालां. पण तू बंद कर. बायलांनी येवन म्हणूंदे तिच्याकडे, पौषात."

"पौषाक अजून नऊ म्हयने आसत. तोपर्यंत तिणां काय करूचां?"

"मांडाचो नियम आसा, कृष्णा."

"नियम मांडार. मी माझ्या पडवेर आसंय. मी बंद करूचंय नाय, काकी."

"मग मी तुझां तोंड बघूचंय नाय." उठता उठता ती चंद्रावतीकडे वळली, आणि आवाज थोडा खाली आला. "पौषात ये. कडेक बसान ऐक. उभी नको रवां. पडशात."

"नाय," चंद्रावती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात वाड्यावरच्या काही बायका त्याच्या घरावरून जाताना कानांवर पदर घेत. काही गडग्यापलीकडे कपडे वाळत घालायला येत आणि कपडे कोरडे असूनही तिथेच राहत. गोकुळदासनं सुचवलं की देवाला कौल लावून विचारू, गाणं चालू ठेवायचं की नाही.

"आणि देव नाय म्हणालो तर?" कृष्णनाथ म्हणाला. "एक नाय घरात आसा. तो माका पुरता."

पावसाळाभर दोघं पडवीत चालली. दोरी सुटली, काठी आली. मग त्यानं काठीही बाजूला ठेवली आणि धालोतल्यासारखा तिच्या कमरेत हात घातला. वाकत पुढे, वाकत मागे. दोन माणसांची रांग. खाणीच्या चढावर भरलेला ट्रक नेणारा हा रुंद पाठीचा माणूस लुंगी सावरत बायकांसारखा वाकत होता आणि दर वेळी त्याचं पाऊल चुकत होतं. चंद्रावती थांबली. तिचा अर्धा चेहरा हलला, मग उरलेला. ती हसत होती. हसता हसता म्हणाली, "मेल्या!"

'नाय' सोडून, गाणं सोडून, तिचा आपला असा हा पहिला शब्द. कृष्णनाथनं तो वाड्यावर ज्याला त्याला सांगितला. लोकांना वाटलं, याचंही डोकं गेलं.

दिवाळीपर्यंत शब्द सुटे सुटे येऊ लागले. पाणी. तारा. पाव. 'मेलो' तर त्याचं नावच झालं. रागानं ती अजूनही भांडी फेकायची. एक दिवस बोलली म्हणून दुसऱ्या दिवशी बोलेल असं नव्हतं. पण गाण्यात ती पुढे गेली होती. कृष्णनाथची अर्धी गाणी ऐकून ऐकून तिला प्रश्नही येऊ लागले होते. कधी ती आधीच विचारायची, आणि तो तिच्याकडून शिकलेलं उत्तर द्यायचा.

पौष आला. पहिल्या दिवशी काकी दिवेलागणीलाच मांड उघडते. चंद्रावतीनं हिरवं लुगडं दाखवलं. नेसवलं त्यानंच, निऱ्या बऱ्या आल्या. आबोलीची फाती माळली. गडग्याच्या खिंडीपर्यंत तो तिला घेऊन गेला. तिथे तारा उभी होती. तिथून पुढे त्याची हद्द नव्हती.

"भावजी, तुमी जावा आता," तारा म्हणाली.

तो वळला. मागे पाहिलं नाही.

पुढचं तारानं नंतर सांगितलं. मांडाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती, वर घडी केलेली चादर. काकी म्हणाली, "बस गो, बाय." चंद्रावती म्हणाली, "नाय." काकीनं रांगेकडे पाहिलं. "बरां तर. तुझ्या रांगेत, टोकाक रव. ताराक धरून." चंद्रावती म्हणाली, "नाय." मग तिनं काठी खुर्चीवर ठेवली आणि मांड ओलांडून निघाली, उजवा पाय ओढत, अलीकडच्या रांगेकडे. बायका म्हणाल्या, ही तुझी रांग न्हय गो. ती रांगेच्या मधोमध घुसली. डावा हात एकीच्या कमरेत घातला. उजवा हात दुसरीनं उचलून आपल्या कमरेवर ठेवला आणि घट्ट धरला. काकी पुढे झाली होती ती थांबली. मधोमध धरलेली बाई पडायची तर अख्खी रांग पाडावी लागते.

कृष्णनाथला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो ट्रकच्या आडोशाला दगडावर बसला होता. ती पलीकडच्या रांगेत असणार, तिचे शब्द आपल्यापर्यंत येणार नाहीत, हे त्यानं आधीच धरून ठेवलं होतं. सूर आला तरी पुरे. तो पलीकडच्या सुरासाठी कान देऊन बसला. काकीनं सुरुवात केली. अलीकडच्या रांगेनं ओळ उचलली.

*नदीपल्याड कोण गे, हाक कोणाक मारता?*

ओळ संपली. आणि ती संपल्यावर, अर्ध्या श्वासानं उशिरा, अगदी गडग्यामागून, हाताच्या अंतरावरून एक आवाज त्याच ओळीचं शेपूट ओढत आला.

"...कोणाक मारता?"

तो उठला. आवाज उजवीकडून येत होता की डावीकडून, त्याला कळेना. रांग वाकत पुढे गेली, आवाज लांबला. तो तिथेच उभा होता. मग पावलं मागे येऊ लागली. बायका पाठमोऱ्या मागे येतात, त्यांना मागचं दिसत नाही. त्यांच्यात एक पाऊल घासत येत होतं. जवळ, आणखी जवळ. कृष्णनाथनं हात वर केला आणि ट्रकच्या गंजलेल्या फाळक्यावर जोरानं मारला. दोन थापा. वाड्याच्या टोकापर्यंत लोखंड घुमलं.

मांडावर गाणं थांबलं.

"कोण रे तो?" सत्यवतीकाकीचा आवाज.

दिव्याची वातही ऐकू यावी इतकं शांत झालं.

"मेलो," चंद्रावती म्हणाली.

आधी तारा हसली. मग एकेक करत दोन्ही रांगा. हसू गडग्यावरून अलीकडे सांडलं. कृष्णनाथ ट्रकच्या पत्र्यावर तळवा तसाच ठेवून उभा राहिला.

"पुढे म्हणा," काकी म्हणाली.